रात्री अकराचं उद्घाटन

आमच्या आमदारांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनी नसते. स्टेपनीच्या जागी नारळांचं पोतं असतं आणि पोत्यावर घडी घातलेल्या शालींची पिशवी. रस्त्यात टायर बसलं तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं होतं. आमदार दौलतभाऊ म्हणाले, "टायर पंक्चर झालं तं धक्का माराले लोक धावत येते अच्युत. पन ऐन टायमाले नारळ नाई भेटला, तं लोक आयुष्यभर ध्यानात ठेवते."

मी त्यांचा पीए. त्याआधी एका खाजगी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून भाऊंची भाषणं, निवेदनं आणि लग्नपत्रिकांना द्यायची उत्तरं माझ्याकडे. माझा स्वभाव तिखट आहे असं माझी बायको लीना म्हणते. ती अजूनही शाळेत शिकवते, दिवसभर पोरांचा गोंगाट ऐकते आणि तरी गोड बोलते, तेव्हा तिचं मत मानावं लागतं. पण नारळ आणि शालींचा मला मनापासून वैताग आहे. दहावी पास झालेल्याचा सत्कार, दहावीत पडून पुन्हा पास झालेल्याचा सत्कार, बोअरला पाणी लागलं म्हणून बोअरवाल्याचा सत्कार. लोकांनी यांना कायदे करायला निवडून दिलंय की शाली पांघरायला, असं मी घरी दर रविवारी म्हणतो. लीना म्हणते, तुम्हाला कोणी पांघरत नाही म्हणून तुम्हाला राग.

आमचं गाव आर्वीच्या रस्त्यावर, रोहण्याच्या अलीकडे. गावात म्हणावा असा धंदा एकच, रूपरावजींची जिनिंग. दसरा झाला की कापूस यायला लागतो आणि होळीपर्यंत सरकी काढणाऱ्या यंत्रांची घरघर दिवसरात्र चालू असते. हंगामाच्या पहिल्या दिवशी काटापूजन. पूर्वी बैलगाडी यायची, बैलांना कुंकू लावायचे. आता ट्रॅक्टरच्या बोनेटला लावतात. वजनकाटा तर जमिनीत गाडलेला, त्यामुळे हळदकुंकू नेमकं कुठं वाहायचं हा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो आणि शेवटी ते काट्याच्या कॉम्प्युटरवर वाहिलं जातं. ऑपरेटर नंतर आठवडाभर बटणांच्या फटींतून कुंकू टोकरत बसतो. मग ज्याचा पहिला कापूस, त्याला भाऊंच्या हस्ते शाल-नारळ. दरवर्षी दुपारी बारा वाजता. भाऊंनी जिनिंग पाहिली ती फक्त दिवसा, ही गोष्ट माझ्याही तेव्हा ध्यानात आली नव्हती.

मागच्या वर्षीच्या काटापूजनाला मंजुषा चहाचा ट्रे घेऊन आली. जिनिंगच्या गेटसमोर तिचा गाळा आहे. चहा, पोहे, आणि खरा जोर ज्वारीची भाकर, झुणका आणि वांग्याच्या भरतावर. तिचा नवरा स्वप्निल जिनिंगमध्येच फिटर, सासू कुंताबाई मागच्या बाजूला भाकरी थापतात. कुंताबाईंची भाकरी मी खाल्ली आहे आणि त्याबद्दल मी कधीही तिखट बोललेलो नाही.

"भाऊ," मंजुषा म्हणाली, "एक मागणं होतं. माह्यं दुकान रातचं हाय. दिवसपाळीचे लोक घरून डबा आनते. रातपाळीचे वावरातून सरळ गेटात येते. त्याईची जेवणाची सुट्टी होते अकराले. अन दहाले पोलिसाची गाडी येते, शिटी मारते, शटर खाली घ्या म्हणते. मंग मी कोनाले विकू? भुताले?"

रूपरावजी शेजारीच उभे होते. तेही म्हणाले, "भाऊ, हसण्यावारी नका नेऊ. थंडीच्या दिवसात मानूस उपाशी कापूस उचलत नाई. आवारात चूल पेटवता येत नाई, कापसाले आगीची भीती. मागच्या साली निम्मे पोट्टे याच कारणानं सोडून गेले. रातपाळी बंद पडली तं माह्यी जिनिंग अर्धी झाली समजा."

भाऊंनी चहाचा घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "करून टाकू."

आता आमदाराला एखादी गोष्ट "करून टाकायची" असली की काय होतं, ते सांगतो. निधीतून माणसाला जे हवं ते देता येत नाही. जे सिमेंटात उभं करता येतं, तेच देता येतं. कोणी पाणी मागो, कोणी नोकरी मागो, त्याला शेवटी सभामंडप मिळतो. मंजुषाला रात्री दहानंतरचे दोन-तीन तास हवे होते. तिला शेड मिळालं.

तेही गेटसमोर नाही. तिथं सरकारी जागा नव्हती. सरकारी जागा होती मारुतीच्या देवळामागे, नाल्याच्या कडेला, जिनिंगपासून चांगलीच दूर. तिथं निळ्या पत्र्याचं शेड उभं राहिलं. खाली पेव्हर ब्लॉक, वर 'खाऊ कट्टा' असं नाव आणि नावापेक्षा मोठा भाऊंचा फोटो. रामनवमीला उद्घाटन झालं. दुपारी. नारळ फुटला. मंजुषा आली, हात जोडून उभी राहिली. कुंताबाई मात्र पत्र्याकडे पाहत म्हणाल्या, "चांगलं झालं बाप्पा. बकऱ्याईले सावली झाली."

खरंच आजही तिथं बकऱ्या बसतात. मी मुद्दाम दोनदा पाहून आलो. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "बकऱ्या आपल्याच मतदारसंघातल्या हाय ना?"

यंदाच्या काटापूजनाला मंजुषा आली नाही. चहा रूपरावजींच्या ऑफिसातून कागदी कपात आला. भाऊंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांची आठवण या बाबतीत भयंकर आहे. मागच्या वर्षी कोणाच्या घरी कशाची भाजी होती तेही त्यांना सांगता येतं. हळदकुंकू वाहून झालं आणि ते शाल-नारळ तसेच टेबलावर ठेवून रस्ता ओलांडून गेले. मागोमाग मी.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मंजुषा आत भांडी पुसून पेटीत भरत होती.

"काय वं माय, यंदा चहा नाई?"

"दुकान सोडून राह्यलो भाऊ. संक्रांतीले गाळा मोबाईलवाल्याले देऊन राह्यला मालक. त्याचं दिवसा चालते."

"अन शेड?"

तिने पुढचं भांडं उचललं. मागून कुंताबाई म्हणाल्या, "सांग ना. सांगत काऊन नाई त्याईले? मोठे मानूस हाय म्हणून काय झालं?"

मग मंजुषाने सांगितलं. भांडं पुसता पुसता, भाऊंकडे न पाहता. मागच्या हंगामात, होळीच्या तोंडावर, तिने धाडस करून अकरापर्यंत शटर उघडं ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत रातपाळीची माणसं आली, बाकांवर बसली, पानं वाढली गेली. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. भैयाजी जमादार खाली उतरला. आपला जिल्हा दारूबंदीचा. रात्री दिवा दिसला की लोकांना वाटतं, इथं चहाच्या नावाखाली दुसरंच काही मिळतं. जमादाराने सगळ्यांसमोर तिची चहाची किटली उचलली, झाकण काढलं आणि नाकाशी नेली.

"हुंगली भाऊ," ती म्हणाली. "एकदा नाई, दोनदा. मंग पान्याचा माठ हुंगला. बसलेले लोक उठून गेले. त्यातले दोघं रोहण्याचे व्हते, माह्या माहेरचे. धंदा बसला त्याचं मले दुःख नाई. माह्या किटलीले नाक लावलं, त्याचं हाय. आता दुपारी बी कोणी चहा घेते, तं मले वाटते हा हुंगूनच घेऊन राह्यला."

भाऊ बाकावर बसले. मग त्यांनी चहा मागितला. मंजुषाने गॅस पेटवला, चहा केला, त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो न हुंगता, न फुंकता, कढत कढत पिऊन टाकला. जीभ भाजली असणार, कारण पुढे दिवसभर ते कमी बोलले. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

गाडीत बसल्याबरोबर म्हणाले, "अच्युत, नागपूरचं अधिवेशन कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात."

"लक्षवेधी लाव. दुकानं रातभर उघडी ठेवता आली पाह्यजे, असा कायदाच करा म्हणावं. शेडगिड नको आता."

मी मन लावून लिहिलं. भाषणं लिहून लिहून मला कंटाळा आलेला असतो, पण हे लिहिताना आला नाही. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात कारखाना रात्रभर चालतो आणि त्याच्या दारात भाकरी मात्र दहाला बंद होते, दवाखान्याबाहेर रात्रभर बसलेल्या नातेवाइकांना घोटभर चहा मिळत नाही, पहाटेच्या बाजाराला भाजी घेऊन निघालेला शेतकरी नाचणगावच्या फाट्यावर उपाशी थांबतो. उद्योग वाढवायचा तर आधी रात्र उघडा, असं शेवटी लिहिलं होतं. वाक्य चांगलं जमलं होतं. लीनालाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, पण असा कायदा आधीच नसेल कशावरून? मी म्हटलं, असता तर पोलिसांनी दुकानं कशी बंद केली असती? यावर ती वह्या तपासायला लागली आणि मला वाटलं मी जिंकलो.

अधिवेशनात भाऊंचा नंबर लागला. आम्ही पीए मंडळी बाहेर टीव्हीवर कामकाज बघत होतो. भाऊ खरोखर सुंदर बोलले. माझा कागद त्यांनी पहिल्या मिनिटातच बाजूला ठेवला आणि मंजुषाच्या किटलीची गोष्ट सांगितली. माझ्या शेजारचा एक पीए म्हणाला, तुमचे साहेब आज पेपरात येतात बघा.

मग मंत्री उठले. हसतमुख माणूस.

"सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे," ते म्हणाले. "इतकं सहमत आहे, की त्यांनी मागितलेला कायदा याच विधिमंडळानं २०१७ साली मंजूर केला. दारूविक्रीची ठिकाणं वगळता बाकी दुकानं रात्रभर उघडी ठेवायला आज मनाई नाही. नुकतंच तसं परिपत्रकही पुन्हा काढलं आहे. आणि माझी माहिती बरोबर असेल, तर सन्माननीय सदस्य तेव्हाही सन्माननीय सदस्यच होते."

दोन्ही बाजूंची बाकं हसली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे लोक एकमेकांच्या पाठीवर थाप मारून हसले. टीव्हीवर भाऊ दिसत होते. उभेच होते. मग हळूच खाली बसले आणि माझा कागद घडी करून खिशात ठेवला. माझे कान तापले. वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं, आणि घेताना माझं ते चांगलं वाक्यही घ्यावं.

परतीच्या वाटेवर मी शिव्या खाण्याच्या तयारीने बसलो होतो. नागपूरहून येताना केळझरला गणपतीच्या पायथ्याशी गाडी थांबवायची त्यांची पद्धत आहे. ते वर चढून जातात, मी खाली फुटाणे खातो. त्या दिवशी गाडी थांबली, पण ते उतरले नाहीत. काचेतून टेकडीकडे पाहत म्हणाले, "मले आठवते तो दिवस."

"कोणता?"

"मुंबईले होतो. सभागृहात होतो, गैरहजर नाई. अध्यक्ष म्हणाले, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. सगळे होय म्हणाले. मीनं बी म्हटलं. जोरात म्हटलं. कशाले होय म्हणून राह्यलो, ते मात्र नाई पाह्यलं." ते माझ्याकडे वळले. "काय वाटते सांगू अच्युत? कायदा मीनंच केला. अन त्या बाईची किटली आमच्या मानसानं हुंगली. मले लाज वाटून राह्यली."

मी म्हटलं, "शोधायला मी हवं होतं, भाऊ. लीना म्हणालीही होती."

"मंग लीनावहिनीले पीए ठेवतो," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाणेदारांकडे गेलो. ठाणेदार तरुण होते, कोल्हापूरकडचे, दीडेक वर्षापूर्वी आलेले. माणूस उद्धट नव्हता, हीच अडचण झाली. उद्धट असता तर भांडता आलं असतं. त्यांनी भाऊंना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, परिपत्रकाचं मीही ऐकलंय. पण या जिल्ह्यात रात्री उघडं असलेलं दुकान म्हणजे माझ्या डोक्याला ताप. उद्या तिथं कोणी बाहेरून पिऊन आला, भांडण झालं, तर लोक म्हणणार ठाणेदाराचा हप्ता असेल. दहाला सगळं बंद केलं की मला कोणी काही म्हणत नाही. आणि खरं सांगू का, कोणी तक्रारही करत नाही."

"तक्रार करनार कोन?" भाऊ म्हणाले. "शटर खाली घेतलेला मानूस तक्रार कराले बी तुमच्याकडंच येनार ना?"

ठाणेदार ओशाळले, पण हो म्हणाले नाहीत. "बघतो" म्हणाले. सरकारी "बघतो"चा अर्थ मला चांगला कळतो, कारण तो मी स्वतः दिवसातून अनेकदा म्हणतो.

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. म्हटलं, "भाऊ, हे साधं काम आहे. वर फोन करा. बदली करून टाका. आठ दिवसात दुसरा येईल."

"दुसरा येईन," भाऊ म्हणाले, "अन त्याले बी हेच वाटन. त्याची बी बदली करू? मंग तिसरा? मानूस वाईट नाई अच्युत. त्याले बदनामीची भीती हाय. मंजुषाले बी तेच दुःख हाय. दोघाईचा रोग एक हाय." ते गाडीशी आले आणि डिकीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी डिकी उघडली आणि आतल्या पोत्याकडे असे पाहू लागले, जसा एखादा डॉक्टर औषधाच्या कपाटाकडे पाहतो.

"भाऊ, नाही," मी म्हटलं.

"सत्कार करू," ते म्हणाले.

"कोणाचा?"

"ठाणेदाराचा. मंजुषाच्या दुकानात. रातच्या अकराले."

मी रस्त्याच्या कडेला उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. कायदा आपल्या बाजूने असताना ज्याने कायदा मोडला त्याचाच सत्कार? याला लोकशाही म्हणतात की हळदीकुंकू? भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? मंग आता पत्रिका लिही. दुकानाचं रात्रसेवा उद्घाटन. प्रमुख पाहुणे ठाणेदार साहेब. वेळ ठळक टाकजो."

ठाणेदारांनी पत्रिका पाहून मला फोन केला. "रात्रीचे अकरा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. आमदाराच्या हस्ते सत्कार नाकारणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, पण गुन्हा केलेला बरा. "येतो," म्हणाले.

मंजुषा मात्र तयार होईना. मी सांगायला गेलो तर तिने हात जोडले. "सर, मले आनखी तमाशा नको. एकदा झाला तेवढा पुरे. मी संक्रांतीले चालली." कुंताबाईंनी पिठाचे हात झटकले. "तू चालली तं जाय," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी भाकरी टाकनारच. ज्यानं किटली हुंगली, त्याच्या साहेबाले चहा पाजल्याबिगर मी ह्या गाळ्यातून हालत नाई." सुनेने सासूकडे पाहिलं. मग पेटीत भरलेली भांडी परत बाहेर काढायला लागली.

त्या रात्री थंडी कडाक्याची होती. जिनिंगचा भोंगा झाला आणि गेटातून रातपाळीची माणसं बाहेर आली, केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. दिवसाच्या काटापूजनाला ही माणसं झोपलेली असतात. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतले ड्रायव्हर चादरी गुंडाळून आले. रूपरावजी कानटोपी घालून आले. लीना आली, का तर म्हणे तुमची फजिती एकदा डोळ्यांनी बघू दे. ठाणेदार गणवेशात आले आणि त्यांच्यामागे गाडीतून भैयाजी जमादार उतरला. मंजुषाने त्याला पाहिलं आणि चुलीकडे तोंड फिरवलं.

रिबन ठाणेदारांनी कापली. भाऊंनी शाल घातली, नारळ दिला, फोटो निघाले. मग भाऊ बोलायला उभे राहिले. माईक नव्हता. यंत्रांची घरघर होती, म्हणून ओरडून बोलावं लागलं.

"मले एक गोष्ट सांगाची हाय," ते म्हणाले. "रातभर दुकान उघडं ठेवाचा कायदा केव्हाचाच झालेला हाय. तो मीनं केला. होय म्हणून केला अन घरी येऊन विसरलो. मंजुषानं मले भाकर विकाचा वेळ मागतला, मीनं तिले बकऱ्याईचं शेड देल्लं. तिच्या तीन हंगामाचं नुसकान ह्या मानसाच्या डोक्यावर हाय." त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "ठाणेदार साहेबाईले कोणी बोल लावाचा नाई. कायदा करनाऱ्यालेच माहीत नव्हता, तं राखनाऱ्याले कोन सांगनार? मंजुषा, माय, चुकलो आमी."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कापसाने पांढरी झालेली ती माणसं नुसती उभी होती. इतकी वर्षं मी या माणसाची भाषणं लिहितो आहे आणि यातलं एक वाक्यही मला लिहिता आलं नसतं.

मग मंजुषा पुढे आली. तिच्या हातात तीच किटली होती. ठाणेदारांना कळलं असावं, कारण त्यांनी कप घेताना किटलीकडे पाहिलं, मग मागे उभ्या जमादाराकडे. जमादार आपल्या बुटांकडे पाहत होता. ठाणेदारांनी सगळ्यांसमोर चहा घेतला. संपवला. कप पुढे करून म्हणाले, "ताई, आणखी अर्धा द्या."

तेवढ्यात पंगत बसली. कुंताबाईंच्या भाकरी सुटत होत्या, भरतावर कच्चं तेल पडत होतं, ठेच्याने ड्रायव्हरांची नाकं वाहत होती. ठाणेदारही बाकावर बसले आणि दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी कुंताबाईंनी विचारलीच नाही, वाढून टाकली. कोल्हापूरकडच्या माणसाला त्यांचा ठेचा झोंबला, याचा मला गावाचा म्हणून थोडा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली ओळ होती, 'रात्रसेवेचा ठाणेदारांच्या हस्ते शुभारंभ'. ज्याचा शुभारंभ आपण केला त्याचं शटर आपणच कसं पाडायचं? नारळाचा हा उपयोग मला आजवर कळला नव्हता. घरी लीना फक्त एवढंच म्हणाली, "तुम्हालाही एखादी शाल मागून घ्या आता."

तरी माझ्या मनात धाकधूक होती. उद्घाटन झालं म्हणजे काम झालं असं आमच्या धंद्यात नसतं. मारुतीमागचं शेडही वाजतगाजतच उघडलं होतं. म्हणून चार दिवसांनी मी आणि लीना जेवायला म्हणून मुद्दाम तिथं गेलो. दहा वाजत आले होते. दोन ड्रायव्हर जेवत होते. मंजुषा चहा उकळत होती. गाळा सोडणार का, असं मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

रस्त्याच्या टोकाला जीपचा दिवा दिसला. शिटी नव्हती, फक्त दिवा. पण मंजुषाचा हात आपसूक गॅसच्या बटणाकडे गेला आणि शेगडी बंद झाली. तीन हंगामांची सवय ती. चहाचा कढ खाली बसला. ड्रायव्हरांनी घास हातात धरून आमच्याकडे पाहिलं. कुंताबाईंचा भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

जीप थांबली. भैयाजी जमादार उतरला. त्याच्या हातात स्टीलचा मोठा थर्मास होता. दुकानाच्या पायरीशी येऊन तो घुटमळला.

"वहिनी," तो म्हणाला, "बंद काऊन करून राह्यल्या? चालू ठेवा. रातभर गस्त हाय, थंडी लय हाय. आमाले चौघाईपुरता चहा भरून द्या." आणि त्याने थर्मास पुढे केला.

मंजुषाने तो घेतला. जमादाराकडे एकदा नीट पाहिलं. मग सावकाश झाकण फिरवलं, थर्मास वर उचलला आणि सगळ्यांसमोर नाकाशी नेला. एकदा हुंगला. थांबली. पुन्हा एकदा हुंगला.

"ठीक हाय," ती म्हणाली आणि तिने गॅस पेटवला.